देवाच्या गाड्याचा दोर

मंजुळाबाईंच्या डोंगराखालच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन दोनदा झाले. रस्ता तेवढा व्हायचा राहिला. उतार जिथून सुरू होतो तिथेच कोनशिला उभी असल्यामुळे निदान धोक्याची खूण म्हणून तिचा उपयोग होतो. त्याबद्दल उद्घाटकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

बाईंच्या माजलगावच्या भावाने, बंकटने, नवा ट्रॅक्टर घेतल्यावर जुना बहिणीला दिला होता. तो शेतावर उतरला तर विहिरीच्या पाण्यावर ज्वारी होणार होती, आणि बाईंना यंदा ऊसतोडीला जावे लागणार नव्हते. न उतरला तर पुन्हा हाती कोयता.

ब्रेक नावापुरते होते, गिअर मधूनच निसटे. म्हणून गावातला धुळाजी सकाळीच देवळातला दोर खांद्यावर टाकून आठदहा गड्यांसह आला. जत्रेत देवाचा गाडा उतारावरून खाली येतो, तेव्हा मागून हा दोर धरून तो आवरण्याचा मान त्याच्या घराण्याचा. दोराला बायकांनी शिवायचे नाही, अशी रीत आहे. तिला कोणत्याही पोथीत आधार नाही, त्यामुळे ती खोडूनही काढता येत नाही.

"नाना, देवाचा दोर ट्रॅक्टरला?" चालवायला बसलेला बाईंचा मुलगा अजिनाथ म्हणाला.

"देवाला चालतंय. तू पुढं बघ बे," धुळाजी म्हणाला.

दोर मागे बांधला. गडी पाय रोवत, ट्रॅक्टर ओढून धरत उतरू लागले. मागून मंजुळाबाई आणि शेजारणी भाकरीच्या पाट्या घेऊन येत होत्या. अवघड वळणे सुखरूप पार पडली. शेवटचा टप्पा दिसला आणि कोणीतरी सवयीने आरोळी दिली, "चांगभलं!"

जत्रेत या आरोळीला दोर सोडतात. शेवटचा टप्पा गाडा मोकळा धावतो. शतकांची शिस्त हातांत भिनलेली. सगळ्यांनी दोर सोडला. त्याच हिसक्याने गिअर निसटला.

ट्रॅक्टर थेट विहिरीच्या रोखाने निघाला. मंजुळाबाईंनी पाटी टाकली आणि मातीतून सरपटत चाललेले दोराचे टोक धरले. त्या फरफटल्या, तोच शेजारीण साखराबाई आणि बाकीच्या त्यांच्यामागे दोराला झोंबल्या. उसाच्या मोळ्या वाहणारे हात होते ते. गडी भानावर येऊन धावले. विहिरीच्या काठाअलीकडे चाक थांबले.

बाईंनी चटका बसावा तसा दोर सोडला. तळहात सोलले होते.

"भावजी, शिवलं म्या. धुऊन देते."

"कावून?" धुळाजी खाली बघत म्हणाला. "तुमी धरला, वहिनी. सोडला तो आमी."

सांडलेल्या भाकरी झटकून बाईंनी गड्यांना जेवू घातले, आणि मूठ मिटत नव्हती तरी प्रत्येकाला स्वतः वाढले. एवढे नेमके आभार मी कोणत्याही सभेत ऐकलेले नाहीत.

जेवताना ऊसतोडीच्या मुकादमाचा फोन आला.

"यंदा न्हाई येत," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टर आलाय."

धुळाजी दोराची गुंडाळी करत होता. "जत्रंला या मग," तो म्हणाला. "मागचं टोक तुमच्याकडं."