आधी कच्चं, मग पक्कं

ते दोन हजार तेवीस साल. शाळेतून निवृत्त होऊन इंदूबाईंना सोळा वर्षं झाली होती, तरी तिसगावात त्यांच्या ओसरीवर इंग्रजीची वही घेऊन कोणी ना कोणी यायचंच. त्या वर्षी एकटी पूजा यायची. लेखनिकाची सरकारी परीक्षा एकदाच द्यायची, नाहीतर दिवाळीनंतर लग्न, असं तिच्या वडिलांनी, गहिनीनाथांनी, बजावलं होतं. स्थळही पाहून ठेवलं होतं.

बाईंची रीत जुनी. डावीकडे शब्द, मध्ये अर्थ, उजवीकडे शब्दाची जात. आणि कुठलंही उत्तर आधी कच्च्या वहीत, तपासून मगच पक्क्या वहीत. चाळीस वर्षांत किती पोरं त्या रीतीनं पार पडली होती.

"लूज आणि लॉस. फरक सांग."

"लूज क्रियापद, गमावनं. लॉस नाम, हानी." पूजा जरा थांबली. "आमच्या आत्यानं मढीच्या जत्रंत बुगडी लूज केली. लॉस घरी आल्याव कळला."

"आत्या काय म्हणाली?"

"ती लॉस मानतच न्हाई, बाई. अजून शोधती हाय."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. ही पोरगी पास होणार, हे त्यांनी त्या दिवशीच धरून ठेवलं.

परीक्षा नगरला, संगणकावर झाली. पूजा संध्याकाळच्या एसटीनं उतरली ती थेट ओसरीवर आली.

"समदं येत हुतं, बाई. लूज-लॉसबी आलं हुतं. तुमी सांगितल्यागत आदी कच्च्या कागदाव सोडवलं, तपासलं. मग पक्कं करायला घेतलं. सतराच प्रश्न झाले आन् येळ संपली, पडदा आपोआप मिटला."

"आणि कागद?"

"त्यो त्यांनी ठिवून घेतला."

बाई चपला घालून तशाच गहिनीनाथांच्या घरी गेल्या. "चूक माझी आहे. पोरीला अजून एकदा बसू दे."

गहिनीनाथांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. "बाई, तुमी मलाबी शिकवलंय. तुमची चूक कशी आसंल? पोरीचीच आसनार."



मार्गशीर्षात पूजाचं लग्न झालं. नवरा सुप्याला कारखान्यात आहे. तिला एक मुलगी आहे. माहेरी येते, पण ओसरीसमोरून जाताना मान वर करत नाही. आत्याची बुगडी सापडली नाही. आत्याही गेल्या साली गेली. बाईंनी शिकवणी बंद केली. गहिनीनाथ मात्र दर सुगीला गुरुदक्षिणा म्हणून बाजरीचं पोतं पाठवतात, आणि बाईंना ते ठेवून घ्यावं लागतं.