कलर तोच हाय ना

‘नव्याचा वास’ असं म्हणायची पद्धत ज्या कुणी सुरू केली, त्याला माझ्या नव्या स्वयंपाकघरात दार-खिडकी लावून बसवावं अशी माझी फार इच्छा आहे. डोळे चुरचुरतायत, घसा खवखवतोय, आणि माणसं नाक वर करून कौतुकानं म्हणतात, व्वा, नव्याचा वास. मला दमा आहे. मला हे कौतुक झेपत नाही.

गारखेड्याच्या भाड्याच्या घरात घरमालकानं हौसेनं स्वयंपाकघरात नवी कपाटं करून दिली होती. मी त्याला पेढे दिले आणि आठवड्याभरात दवाखान्यात जाऊन पडले, नाकाला नळी लावून. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, घरात नवीन काय आणलं? मग त्यांनी समजावून सांगितलं. हलक्या प्लायवूडचे थर ज्या डिंकानं चिकटवतात त्याचा, आणि वर सनमायका बसवायला लावतात त्या पिवळ्या सोल्युशनचा वास महिनोन् महिने निघत राहतो. कुणाच्या नुसतं डोळ्यांत पाणी येतं, तुमच्यासारखीच्या तो छातीत बसतो. पुढं त्या घरात मी कपाटांची दारं कायम सताड उघडी ठेवली आणि खिडकीशी स्टूल टाकून भाज्या चिरल्या. वास जायला वर्ष गेलं.

म्हणून त्याच शहरात, सातारा परिसरात, आमचा स्वतःचा फ्लॅट झाला तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. हॉलमध्ये झुंबर लावा, बेडरूममध्ये राजवाडा करा, मी बघायलासुद्धा येणार नाही. स्वयंपाकघर मात्र माझ्या छातीला विचारून होईल. आमचे हे, म्हणजे नानासाहेब, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं ऐकायची सवय कमी. पण त्या दिवशी त्यांनी मान डोलावली. ती मान डोलावलेली मी अजून विसरलेले नाही.

आमचा सुतार युसूफ. त्याला घेऊन आम्ही मोंढ्याजवळच्या बन्सीशेठच्या दुकानात गेलो. मी प्रत्येक प्लायच्या कडेला नाक लावून हुंगत होते आणि दुकानातली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. खुशाल ढोसा. एका तुकड्यापाशी मात्र माझं नाक थांबलं. फिकट, दुधात हळदीचं बोट फिरवावं तसा रंग, आणि कडेला बारीक बारीक थर, नीट भाजलेल्या घडीच्या पोळीला पदर सुटतात तसे. वास म्हणावा तर नुसत्या लाकडाचा. बन्सीशेठ म्हणाले, हे बर्च. थंड मुलखातलं झाड, आतपासून वरपर्यंत सगळे थर त्याच लाकडाचे, आणि ह्या मालाचा डिंकही कमी वासाचा, तसा शिक्का मागं आहे. मुख्य म्हणजे ह्याला सनमायका लागत नाही. पाण्यातल्या पॉलिशचे दोन हात मारले की झालं. सनमायका नाही म्हणजे ते पिवळं सोल्युशनही नाही. मी तिथंच सांगून टाकलं, हेच पाहिजे, आणि ह्याच्या कडेला पट्टीसुद्धा मारायची नाही. आत काय आहे ते मला रोज दिसलं पाहिजे.

नानासाहेबांनी दुकानातून बाहेर पडायच्या आत विनोद तयार केला. बर्च म्हणजे खर्च. तो त्यांनी रिक्षावाल्याला ऐकवला, खालच्या दूधवाल्याला ऐकवला, फोन करकरून गंगापूरच्या भावाला ऐकवला. पुढं त्यांना कुणीतरी सांगितलं की ऋषिमुनी ज्याच्या सालीवर लिहायचे ते भूर्ज आणि हे बर्च एकाच कुळातले. झालं. त्या दिवसापासून विनोद बंद आणि अभिमान सुरू. आमच्या ओट्याखाली भूर्जवृक्ष येतोय, असं ते गार्डनच्या बाकावर सांगू लागले.

एकच गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, ती म्हणजे उघडी कड. वास्तुशांतीला गंगापूरहून आप्पासाहेब येणार. आप्पासाहेब म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. त्यांचं खताचं मोठं दुकान आहे आणि आमच्या घरातली प्रत्येक वस्तू, पडद्याच्या रिंगेपासून, आप्पासाहेबांना काय वाटेल ह्या मापानं मोजली जाते. ह्यांचं म्हणणं, सनमायका न लावलेलं कपाट बघून दादा म्हणणार, नाना, पैसे संपले का रे? मी म्हटलं, संपले म्हणून सांगा. श्वास संपण्यापेक्षा बरं.

त्यातच वैजापूरला माझ्या आईचं, मनकर्णाबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यात थेंब घालायला तिथं दुसरं कुणी नाही, म्हणून मी गेले. जाताना युसूफला आणि ह्यांना समोरासमोर बसवून सगळं परत म्हणून दाखवलं. बर्च. सनमायका नाही. पट्टी नाही. दोघांनीही ‘व्हय’ म्हटलं.

वैजापुरात असताना ह्यांचा फोन आला. माल पुण्याहून यायला उशीर होता, तारीख तर गुरुजींनी काढून दिलेली, पण मी बन्सीशेठकडं जाऊन बसलो आणि बर्च मिळवलंच, म्हणाले. लगेच मिळालं. काम जोरात आहे. मी आईला सांगितलं, बघ, माणूस निवृत्त झाल्यावर सुधारतो. आई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसली होती. ती म्हणाली, आधी जाऊन बघ, मग बोल. तिला डोळ्यावर पट्टी असून दिसत होतं, मला उघड्या डोळ्यांनी दिसलं नाही.

परतले ती थेट नव्या फ्लॅटवर, तर बॅग खाली ठेवायच्या आत मला वास आला. दारातच. स्वयंपाकघरात गेले तर समोर सगळं चकाचक. फिकट दुधी रंग, त्यावर लाकडाच्या छापील रेघा, आणि प्रत्येक दाराच्या कडेला गुळगुळीत पट्टी. मी बोटानं टिचकी मारली. सनमायका. दार उघडलं तर आतून असा भपका आला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी ओट्याला धरून खोकत राहिले आणि नानासाहेब माझ्या मागं उभे राहून विचारत होते, कसं झालंय?

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हे दुकानात गेले आणि म्हणाले, बर्च द्या. बन्सीशेठ नव्हते. गल्ल्यावरच्या पोरानं सनमायकाचं कॅटलॉग पुढं टाकलं, त्यात एका रंगाचं नावच बर्च. ह्यांनी बोट ठेवलं, हेच की! खाली कोणतं प्लाय, असं त्या पोरानं विचारलं म्हणे. ह्यांनी सांगितलं, कोणतंबी दे, दिसणारंय कुठं. आता ह्याला काय म्हणावं? आमच्याकडं लाकूड ओळखतात ते रंगावरून. सागवानी म्हणजे रंग, शिसवी म्हणजे रंग, मग बर्चही रंगच असणार. मी म्हटलं, अहो, मी रंग मागितला होता का? मी श्वास मागितला होता.

“अगं, पण कलर तोच हाय ना?” ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी त्या संध्याकाळी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मी उत्तर द्यायचं सोडलं. त्यांना कळलेलं होतं. चूक झाली हे त्यांना मी ओट्याशी खोकले तेव्हाच कळलं होतं, पण माईकवर एकदा चुकीचा फलाट पुकारला की प्रवाशांनीच पळायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त.

युसूफला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, आत येईना. मी विचारलं, तुला तर कळत होतं ना, हे बर्च नाही म्हणून?

“मालूम था, भाभी. लेकिन साहेब इतके खूश होते. मी एकदा बोललो, भाभीनं दुसरं सांगितलं होतं. साहेब म्हणाले, कलर तोच आहे, तू ठोक.”

“आणि तू ठोकलंस.”

“ठोकलं,” युसूफ म्हणाला आणि पायातल्या चपलेकडं बघत राहिला. त्याच्यावर मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मालकाच्या हो ला हो करण्याची ही जी आपली जुनी खोड आहे, तिनं माझ्या ओट्याखाली आठ दारं बसवली.

वास्तुशांती दोन दिवसांवर. ह्यांनी पंखा लावला, कापूर जाळला, उदबत्त्या लावल्या. माझ्या छातीला उदबत्त्यांचाच तेवढा तोटा होता! मी दोन्ही दिवस गारखेड्याच्या खोलीवर झोपायला गेले. महिन्याचं भाडं भरलेलं होतं म्हणून ती खोली अजून आमचीच होती. निघताना मी म्हटलं, पूजेला येईन, सगळं करीन, पण त्या स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही. त्यांना वाटलं, चार पाहुणे आल्यावर ही गप बसेल.

पाहुणे आले. प्रत्येकानं दारातून आत येताच नाक वर केलं आणि तेच म्हटलं, व्वा, नव्याचा वास. पूजा झाली. गुरुजी म्हणाले, आता घरच्या लक्ष्मीनं नव्या शेगडीवर दूध उतू घालावं. मी शेगडीचा छोटा सिलिंडर आणि पातेलं घेतलं आणि गॅलरीत जाऊन बसले. हॉलमधल्या सगळ्या माना गॅलरीकडं वळल्या. गॅलरीत दूध उतू घालणारी बाई त्यांच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. जाऊबाई धावत आल्या, अगं, आत चल, ओट्यावर कर, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू द्या.

आप्पासाहेब तेवढ्यात स्वयंपाकघर बघून बाहेर आले. ज्यांच्यासाठी एवढं केलं, ते आप्पासाहेब.

“नाना, चांगलं दिसतंय,” ते म्हणाले. “आमच्या दुकानाच्या गल्ल्याला बी हीच सनमायका हाय.”

मी आयुष्यात प्रथमच थोरल्या दिरांवर खूश झाले. नानासाहेबांचा चेहरा पडला, पण माईक सोडवेना. ते म्हणाले, नाय दादा, हे बर्च हाय, भूर्जपत्राच्या झाडाचं.

तेव्हा माझ्या हातात पळी होती आणि पातेल्यात दूध वर चढत होतं. मी उठले. आजवर मी आप्पासाहेबांसमोर मान वर करून बोलले नव्हते.

“रंग बर्चचा आहे, दादा. खाली काय आहे ते ह्यांनी विचारलं नाही. ते माझ्या छातीला विचारा.”

एवढं बोलले आणि मला खोकल्याची उबळ आली. खरी उबळ. वाकून, कठड्याला धरून, पाठीला कुबड येईपर्यंत. जाऊबाईंनी पाठ चोळली, कुणी पाणी आणलं, आणि माझ्या पाठीमागं दूध उतू जाऊन गॅलरीभर पसरलं. आता कुणी नव्याच्या वासाचं नाव काढलं नाही. जेवणं झाली. पाहुणे गेले. मी पदर खोचून सगळं आवरलं, औषधाचा पंप पिशवीत टाकला आणि रिक्षा बोलावली.

नानासाहेब म्हणाले, अगं, आजच्या दिवशी तरी थांब. मी म्हटलं, तुमचं घर, तुमचा कलर. त्यात तुम्ही राहा.

गारखेड्यात मी एकटी राहिले. एक पातेलं, एक तवा, खिडकीशी स्टूल. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या ओट्यावर भाकऱ्या थापल्या आणि स्वतःचा ओटा झाला तेव्हा तिथं मला श्वास घेता येत नाही, आणि हे ज्यानं केलं त्याला अजून कपाटांचा रंगच दिसतोय. ह्यांचा फोन यायचा, जेवलीस का विचारायला. माफीचा शब्द नाही. मीही जेवले म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

आठवडा गेला असेल. सकाळी दार वाजलं. बाहेर नानासाहेब उभे. दाढी वाढलेली, आणि डोळे लालभडक, पाण्यानं भरलेले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांना मी रडताना एकदाच पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा. माझा राग तिथंच अडखळला. मी म्हटलं, अहो, रडताय कशाला एवढं?

“रडलो-बिडलो नाय,” ते म्हणाले. “स्वयंपाकघरात चहा करत होतो.”

मी दारातच उभी राहिले. त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. आत हातभर तुकडा होता, फिकट दुधी. त्यांनी आधी तो स्वतःच्या नाकाला लावला, दुकानात मी लावला होता तसा, आणि मग माझ्या हातात दिला. रंगाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त पट्टी न मारलेली, बारीक बारीक थरांची कड माझ्याकडं वळवली.