पुढे बसवलेला मागचा टायर

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, आणि माझी कहाणी सांगताना मला लाज वाटते. एरवी अशा कहाण्या कौतुकाने सुरू होतात. कुठे जन्मलो, कोणी घडवले, किती कष्ट उपसले. माझ्याकडेही ते सगळे आहे आणि मी ते सांगणारही आहे. पण आधी हे सांगून टाकतो, की एका मुलीच्या हासळीचे हाड माझ्यामुळे मोडले.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून तापून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर रबराचे उंच चौकोनी तुकडे उमटले होते. लोक त्यांना बटने म्हणतात आणि आम्हाला बटन टायर. साधा टायर डांबरी रस्त्यावर गुपचूप चालतो, आम्ही मात्र माती, मुरूम आणि चिखल यांत तोंड खुपसणारे. आमच्यातही पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा. पुढचा टायर अरुंद असतो आणि त्याच्या कडेची बटने धारदार असतात, कारण वळणावर माती धरून ठेवणे हे त्याचे काम. मागचा रुंद असतो. माती मागे लोटायची आणि गाडी पुढे ढकलायची, एवढेच त्याला ठाऊक. मी मागचा. माझ्या कुशीवर बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही होते.

तिथून मी आलो वरवट बकाल गावी, भाऊरावांच्या पंक्चरच्या दुकानात. भाऊराव म्हणजे तीस वर्षे टायर उघडून आणि बसवून हाताला घट्टे पडलेला माणूस. नुसत्या आवाजावरून हवा किती आहे ते सांगायचे आणि ते कधी चुकायचे नाही. त्यांची मुलगी समता चोवीस वर्षांची, एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचे काम करणारी. तिला एकच वेड होते, मातीच्या शर्यतींचे. एका जुन्या मोटारसायकलचे नको ते सगळे भाग काढून टाकून तिने आपली गाडी तयार केली होती. तिची दोन्ही चाके एकाच मापाची होती, हे लक्षात ठेवा.

मला निवडले समतानेच. दुकानात आम्ही तिघे मागचे टायर होतो. तिने प्रत्येकाच्या बटनांत बोटे घालून पाहिले.

"बाबा, याचे बटन लय विरळ हायेत. हा चिखलात चालन, आपल्या माळावर नाई," ती पहिल्याबद्दल म्हणाली. दुसरा तिला फार टणक वाटला. मग तिने मला उचलले आणि अंगठ्याने दाबले. "हा पाहा. मुरमालेबी चालन आन् काळ्या मातीतबी."

मी त्या दिवशी फुगलो ते हवेने नव्हे, मित्रांनो.

दोन हंगाम मी तिची गाडी ढकलली. सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी जो उजाड माळ आहे, तिथे आमचा सराव चाले. मी माती उडवायचो आणि मागून येणाऱ्यांच्या तोंडात धूळ जायची. लोक म्हणत, काय टायर आहे! पुढच्या चाकावरचा टायर माझ्याच वयाचा होता, पण त्याची कोणी वाहवा केली नाही. मी तर त्याची चेष्टाच करायचो. "तुला काय काम? तू नुसता फिरतोस," असे मी त्याला कितीदा तरी म्हणालो. वळण आले की तो कडेची बटने मातीत रुतवायचा आणि आम्हा सगळ्यांना सुखरूप पलीकडे न्यायचा. हे मला तेव्हा दिसलेच नाही.

जिल्ह्याची शर्यत आठ दिवसांवर आली आणि एका धारदार दगडाने त्या पुढच्या टायरची कूस फाडली. त्या शर्यतीतल्या पहिल्या दोघांची राज्याच्या स्पर्धेसाठी निवड होणार होती आणि समताने वर्षभर त्यासाठी घाम गाळला होता. भाऊरावांनी चार ठिकाणी फोन केले. गाडीच्या मापाचा पुढचा टायर कुठेच मिळेना. खामगावहून आला तो एक कोरा मागचा टायर.

भाऊरावांनी जराही विचार केला नाही. त्यांनी कोरा टायर मागे चढवला, मला काढून पुढच्या चाकावर बसवले आणि मी रुंद म्हणून मडगार्ड वर उचलून घेतला.

"बाबा, मागचा टायर पुढं?" समताने विचारले.

"मागं नवा आन् पुढं जुना. तीस वर्सं झाले, हेच करून राह्यलो मी," भाऊराव म्हणाले. "सारं वजन मागं असते, माय. पुढच्याले काय काम? तो नुसता फिरते."

त्यांचे खोटे नव्हते. त्यांच्या दुकानात येणाऱ्या गाड्यांच्या मागे संत्र्यांचे क्रेट असत, चाऱ्याचे भारे असत, दुधाच्या कॅन लटकत. त्या गाड्यांचा मागचा टायर वर्षात झिजे आणि पुढचा पाच वर्षे टिके. सरळ रस्त्याने हळूहळू जाणाऱ्या त्या गाड्यांना हा नियम चालून गेला होता. माळावर वाऱ्यासारखी वळणारी गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती.

आणि मी? मी हरखलो होतो. आता मी पुढे होतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. माझ्या बटनांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, त्याचे मला काहीच वाटले नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव झाला. पहिल्याच वळणावर मी वीतभर घसरलो. समताने पाय टेकवून गाडी कशीबशी सावरली. मागून येणारा मेहकरचा शेखर थांबला. तोही शर्यतीतलाच, पण मनाने निर्मळ. त्याने वाकून मला पाहिले.

"समता, हा मागचा टायर हाये. वरून कडा बी गेल्या त्याच्या. माह्याकडं एक पुढचा हाये, जुना हाये पण धार हाये त्याले. संध्याकाळी बसवून घे."

"बाबानं लावला हाये हा," समता म्हणाली.

"मंग सांग ना त्यायले."

"तीस वर्सं लोकाईच्या गाड्या सांभाळल्या त्यायनं. आता मी सांगू, का तुमाले टायर समजत नाई?"

शेखर मान हलवून आपल्या गाडीकडे वळला. मला सगळे ऐकू आले होते. ती वीतभर घसरण मलाही कळली होती. तरी मी स्वतःची समजूत घातली, की मुरूम सैल होता, उद्या नाही होणार. मित्रांनो, आपली चूक आपल्याला पहिल्यांदा कळते तेव्हा ती अगदी लहान असते. मी ती लपवली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीपर्यंत समता दुसरी होती. भाऊराव दोरीपाशी उभे राहून नुसते पाहत होते. डावीकडचे वळण आले. खाली कडक मुरूम आणि त्यावर बारीक खडे. तिने गाडी झुकवली आणि सगळा भार माझ्या कडेवर दिला. मागच्या टायरची पकड सुटली तर गाडी मागून झोके खाते, पण चालवणारा ती सावरू शकतो. पुढच्याची सुटली तर सावरायला वेळच मिळत नाही. मी धरायचा प्रयत्न केला. माझ्याकडे धरायला काही नव्हते. मी सुटलो.

समता खांद्यावर आपटली, निवड हुकली आणि हासळीचे हाड मोडले. दवाखान्यातून घरी आल्यावर समता वडिलांना म्हणाली, "पुढचा ब्रेक जास्त दाबल्या गेला माह्याकडून."

भाऊरावांनी ते खरे मानले. गाडी दुकानात एका कोपऱ्यात उभी होती, मी अजून तिच्यावर तसाच. येणारा जो तो विचारी आणि भाऊराव हळहळून सांगत, "हात चुकला पोरीचा. घाई करते ते." बारा दिवस मी हे ऐकले. आत ती हात गळ्यात अडकवून बसलेली असायची. तिला ऐकू येत होते आणि ती एकदाही बाहेर येऊन बोलली नाही. त्या बारा दिवसांत मी फुटून गेलो असतो तर बरे झाले असते.

तेराव्या दिवशी शेखर तिला भेटायला आला. कोपऱ्यातली गाडी पाहून तो सहज बोलून गेला, "काका, टायर बदललाच नाई का अजून? मी त्याच दिवशी सांगतलं होतं तिले."

शेखर आत गेल्यावर भाऊराव माझ्यापाशी उकिडवे बसले आणि माझ्या कडेवरून अंगठा फिरवू लागले. एकेक बटन, सावकाश. शेखर निघून गेल्यावर त्यांनी समताला हाक मारली.

"तुले माहीत होतं?"

"हाव, बाबा."

"मंग बोलली काऊन नाई वं?"

"तुमी एवढ्या मायेनं बसवला होता."

"आन् मी गावभर सांगत बसलो, का पोरीचा हात चुकला. चूक माही होती."

"नाई बाबा. मले समजत होतं, तरी मी गप्प राह्यली. माहीच चूक व्हय."

भाऊरावांनी मला काढून भिंतीच्या खिळ्याला अडकवले. पुढच्या आठवड्यात जो कोणी आला, त्याला त्यांनी बोलावून बोलावून सांगितले, की पोरीचा हात चुकला नव्हता, टायर मी बसवला होता. पण समताच्या गाडीला मात्र ते हात लावीनात. नवा पुढचा टायर आला तेव्हा म्हणाले, "खामगावले नेऊन बसवून घे."

समताने एका हाताने चाक ढकलत त्यांच्यापुढे आणले आणि जमिनीवर बसली. "एका हातानं मले जमत नाई. आन् दुसऱ्या कोणाचा हात मले चालत नाई."

भाऊरावांनी टायर उचलला, उलटसुलट करून कुशीवरचा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण पाहिला आणि विचारले, "बाण कोणीकडं घेऊ?" टायर कसा बसवायचा हे त्यांनी कोणाला विचारल्याचे मी कधी पाहिले नव्हते. समताने बोटाने दाखवले आणि त्यांनी तसा बसवला.

मित्रांनो, गाडी काढण्याआधी खाली बसा. टायरच्या कडेवरून अंगठा फिरवा. पुढच्याला पुढचा द्या आणि मागच्याला मागचा. आणि आपल्या माणसाने मायेने केलेले काही चुकले आहे असे दिसले, तर त्याच दिवशी सांगा. तो रागावेल, रुसेल, पण तुम्ही पडणार नाही.

मी अजून त्या खिळ्यावर आहे. बाप म्हणाला चूक माझी, लेक म्हणाली माझी. दोघांनी ती आपसांत वाटून घेतली. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही, आणि तेच मला सहन होत नाही.