अडकलेलं चाक

दातेरी चाक शाफ्टवर अर्ध्यातच अडकलं आणि बाबांनी सांडशी खाली ठेवली. चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "बास झालं. उद्यापासून मी येत नाही. हे हात आता कामाचे राहिले नाहीत."

हात थरथरतात त्यांचे, खरंय. कप उचलला की बशी वाजते. पण आमच्या वर्कशॉपमध्ये चाक बसवणं हे बाबांचंच काम. चाकाचं भोक शाफ्टपेक्षा केसभर लहान ठेवायचं, चाक भट्टीत तापवायचं, म्हणजे भोक मोठं होतं, मग ते अलगद शाफ्टवर सोडायचं. थंड झालं की जन्माचं घट्ट. मधेच अडकलं तर चाक-शाफ्टची जोडी भंगारात. हातोडा मारलेला बाबांना खपत नाही.

ते घरी बसणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. आई गेल्यापासून हा माणूस या शेडच्या जिवावर उभा आहे. मी त्यांना असं सुखासुखी जाऊ देणार नव्हते.

"हात हलला असता तर चाक तिरकं अडकलं असतं," मी म्हटलं आणि काटकोन्या लावून दाखवला. "हे बघा, सरळ आहे."

"माझी समजूत काढू नकोस."

"समजूत काढायला मला वेळ नाही. कारण शोधतेय."

दुपारभर शोधलं. भोकाचं माप बरोबर होतं, भट्टीचा काटाही बरोबर. बाबा स्टुलावर बसून माझी धडपड बघत होते, घरी मात्र जात नव्हते. शेवटी वैतागून मी दुसऱ्या जोडीच्या शाफ्टवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. शाफ्ट चांगलाच तापला होता. सगळे शाफ्ट ज्यावर उभे असायचे तो स्टँडच भट्टीला खेटून होता. इतकी वर्षं तो खिडकीपाशी असायचा.

"हा इकडे कधी आला?"

बाबांनी स्टँडकडे बघितलं. "आज सकाळी. चाक घेऊन चालताना सांडशी हलते. म्हटलं, अंतर कमी करावं."

तरीही माझं तोंड थांबलं नाही. "बाबा, लोखंडातला कणन्‌कण थरथरत असतो. जवळ आला की शेजारचे ढकलतात, लांब गेला की ओढतात, म्हणून जागच्या जागी हलत राहतो. तापवलं की जास्त जोरात हलतो, जास्त जागा मागतो. चाक फुगलं, तसा शाफ्टही फुगला. अडकणार नाही तर काय?"

"तापलं की फुगतं हे मला तुझ्या जन्माआधीपासून माहितीय."

"मग भट्टीला खेटून का ठेवलात?"

बाबांनी उठून शाफ्टला बोट टेकवून बघितलं. मग हळूच म्हणाले, "थंड असलं तरी थरथरतं?"

"थंड असलं तरी."

"आणि आपण म्हणतो, लोखंडासारखा स्थिर हात हवा." आणि हसले की हो चक्क.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट खिडकीपाशी गारढोण उभा होता. बाबांनी भट्टीतून चाक उचललं. सांडशी हलत होती. मी पुढे सरकले.

"हात लावलास तर बघ," ते म्हणाले.

मी हात पाठीमागे बांधून घेतले. ते सावकाश चालत आले. शाफ्टच्या डोक्यावर चाक थरथरत इकडेतिकडे झालं. बाबांनी घाई केली नाही. भोक शाफ्टवर आलं तशी सांडशी सैल केली, आणि चाक आपल्या वजनाने सरकत खाली जाऊन टेकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी भट्टीच्या नावावर खपवलं.

संध्याकाळी ॲप्रनची गाठ त्यांना सुटेना. मी बघत राहिले, पुढे झाले नाही. बऱ्याच वेळाने सुटली.

"उद्या लवकर उघड," ॲप्रन खुंटीला लावत ते म्हणाले. "वाया गेलेली जोडी नव्याने करायचीय. आणि तो स्टँड खिडकीपाशीच राहू दे. मी चालेन."