दोरीचं दुसरं टोक

पळण्याची हौस मला कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते. हौस होती ती माझ्या नवऱ्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला. ही माझी नणंद जन्मापासून आंधळी. घरात तिला सगळे 'सरकार' म्हणतात, कारण बसल्या जागेवरून हुकूम सोडण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. एका दवाखान्यात ती मालिश करते, लोकांच्या आखडलेल्या माना आणि पोटऱ्या सोडवते. तिचं पोट तिच्या दहा बोटांवर चालतं. नऊ वर्षं नवरा तिच्यासोबत पळाला. हातभर दोरी, एक टोक याच्या मुठीत, दुसरं तिच्या. वाटेत जे येईल ते हा बोलणार आणि ती त्या बोलण्यावर पाय टाकणार.

तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणायची आणि पाठीमागे 'तो'. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याला त्याचं हसू यायचं. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि उठलाच नाही.

महिन्याभराने सरकार दोरी घेऊन दारात हजर.

"वहिनी, चल."

"अगं, मला जिना चढताना धाप लागते."

"मग धाप लागलेली पळ. मला परक्या माणसाच्या हाती दोरी द्यायची नाही."

झालं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी कालव्याच्या रस्त्यावर पळायला लागले. तिने मला पहिल्याच दिवशी दादाचा नियम पढवला: दिसेल तेच बोलायचं, आठवेल ते नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, गिऱ्हाइकांना 'खालची ओळ वाचा' म्हणते. दिसण्याबद्दल मला कोणी शिकवावं याचा मला रागच आला होता.

वर्षभरात मी एकवीस किलोमीटरवर पोचले. डोकं तेव्हापासून उठायला लागलं.

पहिल्या वेळी अठरावा किलोमीटर नुकताच संपला होता. उजव्या कोपऱ्यात एक ठिणगी दिसली, काच घासताना कण उडतो तशी. ती विझेना. तिला करवतीसारखे दाते फुटले, ती थरथरत मोठी झाली आणि मग उजवीकडचं अर्धं जग नाहीसं झालं. काळं झालं नाही, नुसतं नव्हतं. अर्धा रस्ता, अर्धा पूल. माझ्या हातातली दोरी त्या नसण्यात शिरत होती आणि तिच्या टोकाला सरकार असायला हवी होती, पण सरकार नव्हती.

मी घाबरून थांबणारच होते. तेवढ्यात दोरीला दोन झटके बसले, हलके.

दोन झटके द्यायची सवय त्याची होती. बाजारात, दवाखान्यात, कोणाच्या लग्नाच्या गर्दीत, माझं बोट धरून दोनदा ओढायचा. म्हणजे 'मी आहे'.

वीस मिनिटांनी नजर परत आली आणि लगेच डाव्या डोळ्यामागे घण पडायला लागले. घरी येऊन मी मोरीत भडाभडा ओकले, पडदे ओढले, ओलं फडकं कपाळावर टाकून संध्याकाळपर्यंत पडून राहिले. सरकारला सांगितलं, पित्त झालंय.

मग ते दर रविवारी व्हायला लागलं. लांब पळायचा वार तोच. अठरा किलोमीटर, ठिणगी, करवत, आणि मग दोरीच्या टोकाला तो. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघायला लागले. पाणी मुद्दाम कमी प्यायची. उपाशीपोटी निघायची. उन्हाची टोपी घरी विसरायची. दिवसभराचं मरण सोसायची तयारी होती माझी, त्या वीस मिनिटांपायी. आणि त्या वीस मिनिटांत सरकार कशावर पाय टाकते, याचं काय? रस्ता मला पाठ होता. पुलाच्या अलीकडे पाच पायऱ्या, मग उतार, उजवीकडे दिव्याचा खांब. मी पाठ केलेलं घडाघडा बोलायची. न दिसणारी मी आणि न दिसणारी ती, अशा दोघी ताशी नऊच्या वेगाने धावत होतो.

त्या रविवारीही मी तशीच बोलत होते. "पायऱ्या पाच. उतार. आता सरळ आहे, मोकळं आहे."

मोकळं नव्हतं. नळाच्या कामासाठी आदल्या दिवशी कोणीतरी उजव्या बाजूला लोखंडी कठडा आणून ठेवला होता. दोरीला हिसका बसला, माझ्या मुठीतून ती निसटली आणि मला फक्त आवाज आला. आधी लोखंडाचा, मग सरकारचा. ती ज्या बाजूला पडली तिथे बघत होते तरी मला ती दिसत नव्हती. मी गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत तिला शोधली.

उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि बोटांत पहिल्यासारखा जोर येईल की नाही ते नंतर बघू, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. दहांतली पाच बोटं मी घालवली होती.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात मी चहा ठेवला. डोकं अजून ठणकत होतं. प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून ती बसली होती.

"सरकार, मला दिसत नव्हतं," मी म्हणाले. "तो कठडा मला दिसलाच नाही."

"माहीत आहे."

"आजचंच नाही म्हणत मी."

"अगं, माहीत आहे. अठराव्या किलोमीटरनंतर तू मला 'अहो' म्हणतेस."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"मी?"

"दर वेळी. 'अहो, उतार आलाय.' 'अहो, सावकाश.' मागच्या महिन्यात म्हणालीस, 'अहो, गिझर बंद केला होतात का?'" ती हसली आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. "लोकांच्या माना दाबून दाबून आयुष्य गेलं माझं. डोकं उठलेलं माणूस मला दोरीवरून कळत नाही होय? खांदा ताठ होतो, पाऊल आखूड पडतं. पित्त म्हणे!"

"मग बोलली का नाहीस? जीव गेला असता तुझा!"

"कशी बोलणार? दादाशी बोलणारं दुसरं आहे कोण आता?" तिने डावा हात टेबलावर चाचपडत पुढे केला. "तू 'अहो' म्हटलंस की मला वाटायचं, आहे तो इथेच कुठेतरी, निदान हिला तरी दिसतोय. तू पहिल्यांदा घाबरलीस ना, तेव्हा दादासारखे दोरीला दोन झटके मीच दिले."

मी खाली बसले. चहा उतू गेला, जाऊ दिला. इतका राग मला आयुष्यात आला नसेल, आणि तो कोणावर काढावा तेच कळेना. तिने मला फसवलं होतं आणि मी तिला रस्त्यावर पाडलं होतं. तो तर कधी आलाच नव्हता. आम्ही दोघी मिळून आठ महिने एका मेलेल्या माणसाला पळवत होतो.

"डॉक्टरकडे जा, वहिनी," ती म्हणाली. "मला अजून पळायचंय. आणि हा हात मला लागतो."

गेले. डोक्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढायला लावला, तो स्वच्छ निघाला. अर्धशिशी आहे, म्हणाल्या, काहींना लांबच्या श्रमाने ती उठते. त्यांनी वही लिहायला सांगितली: किती झोप, काय खाल्लं, किती पाणी, कितव्या किलोमीटरला ठिणगी. रोजची एक गोळी दिली. पळायच्या आधी खायचं, अंग हळूहळू तापवायचं, टोपी आणि गडद चष्मा सोडायचा नाही, आणि ठिणगी दिसली की जिथे असाल तिथे थांबायचं. "एकट्याच पळता का?" असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं.

पहिली गोळी मी दोन दिवस पाकिटातच ठेवली होती. ती घेणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा खांद्यावरून पोचवून येणं होतं. तिसऱ्या दिवशी सरकार पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली, डाव्या हाताने, अर्धं पाणी सांडत. मी गिळली.

प्लास्टर निघालं. बोटं हलली, मूठ हळूहळू वळायला लागली. तीन महिने मी एकटी पळाले आणि वही भरली. शेवटचे चार रविवार एकवीस किलोमीटर झाले आणि वहीत ठिणगी नव्हती. मग एका रविवारी आम्ही दोघी पुन्हा निघालो. मी पोटभर खाल्लं होतं, टोपी होती. दिसेल तेवढंच बोलत होते. पंधरा झाले, सोळा झाले. अठरावा संपला. मी उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. लाज वाटते सांगायला, पण मनातून मी म्हणत होते, ये. एकदाच ये.

"वहिनी," सरकार धापा टाकत म्हणाली, "आला का?"

"नाही."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. पूल पूर्ण होता. दिव्याचा खांब होता, कठडा ठेवला होता तिथे मातीचा नवा पट्टा होता. दोरी माझ्या मुठीतून निघून उजवीकडे जात होती आणि कुठेही नाहीशी होत नव्हती. तिच्या टोकाला एक बारकी झालेली मूठ होती. तिच्या वर घामाने भिजलेली बाही, हनुवटी उंच केलेला चेहरा, कानामागे पिकलेले केस. कधी पिकले हिचे केस? दोन वर्षं मी हिच्या शेजारून पळत होते आणि मी हिला पाहिलंच नव्हतं.

"कोणी नाही गं तिथे," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. "तू आहेस फक्त."

ती अजूनही कान देऊन होती, माझ्या तोंडून पुढचा शब्द 'अहो' येतो का म्हणून. मला ते स्पष्ट दिसत होतं.

"सरकार," मी म्हणाले, "पायऱ्या आल्या. पाच आहेत."

आणि मी दोरीला दोन झटके दिले.