माळ्यावरची खोली

चेतनचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यापासून भीमराव घरात छताकडे मान वर करून फिरू लागले. बिबवेवाडीतलं ते बैठं घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक मोठी खोली, आणि दुसरी इतकी लहान की चेतनचा पलंग टाकल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडायचं. वर उतरत्या पत्र्याखाली फळ्यांचा माळा. जुन्या गाद्या, पितळी पातेली, चेतनची लहानपणची सायकल, कुणाला टाकवत नाही असं सगळं तिथं जाऊन पडलेलं.

"माळ्याची खोली करायची," एक दिवस जेवताना भीमरावांनी जाहीर केलं. "नवीन सुनेला काय त्या खुराड्यात ठेवायचं?"

उत्तरेश्वर नावाचा ठेकेदार आला. त्याने एका इंजिनिअरला आणून भिंती दाखवल्या, वर चढून मापं घेतली. मधोमध उंची भरपूर होती, कडेला मात्र वाकून चालावं लागणार होतं. फळ्या काढून लोखंडी चॅनेल टाकायचे, तापणारा पत्रा काढून ऊन अडवणारी पॅनेल बसवायची, हॉलच्या कोपऱ्यातून जिना न्यायचा आणि बाजूच्या तिकोनी भिंतीत मोठी खिडकी काढायची. असं सगळं सांगून झाल्यावर त्याने मोबाईलवर आकडा करून दाखवला.

भीमरावांनी चष्मा पुसून तो पुन्हा बघितला. "यात खिडकी धरली आहे ना?"

"खिडकी धरलीय की. पडदे तेवढे तुमचे."

"मेहेरबानी," भीमराव म्हणाले.

पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. साठवलेलं बरंचसं लग्नातच जाणार होतं. चेतन आणि त्याची होणारी बायको पायल कर्ज काढायला तयार होते, पण पोरांचा संसार हप्त्यांनी सुरू व्हावा हे भीमरावांना पटेना. दोन दिवस घरात तोच विषय. शेवटी भीमरावांची धाकटी बहीण नंदा म्हणाली, "कमी पडतील ते मी देते, दादा. निवृत्तीचे पैसे बँकेत नुसतेच पडलेत."

सगळ्यांनी नको नको म्हटलं आणि सगळ्यांच्याच चेहऱ्यावरचा ताण उतरला. हिरावहिनींच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

"आणि मग चेतनच्या खोलीचं काय करायचं?" वहिनींनी जरा वेळाने विचारलं.

"पाहुण्यांना होईल," भीमराव म्हणाले. "कुणी आलं-गेलं तर सोय नको?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नंदानेही डोलावली. मग ती उठली आणि हॉलमधल्या दिवाणावरची चादर झटकून आपलं अंथरूण घालायला लागली.

त्या दिवाणावर ती झोपायला लागली तेव्हा चेतनचा जन्मही झाला नव्हता. लग्न मोडून ती माहेरी आली, तेव्हा वडील म्हणाले होते, "सध्या इथं झोप, पुढचं पुढं बघू." पुढं वडील गेले, चेतन झाला, वाढला, आणि 'सध्या' तसंच राहिलं. सरकारी रुग्णालयात नर्सची नोकरी, महिन्यातले कितीतरी दिवस रात्रपाळी. सकाळी घरी येऊन ती भर हॉलमध्ये डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपायची. दूधवाला यायचा, शेजारीण यायची, चेतनचे मित्र यायचे. तिला कधी कुणी वाईट वागवलं नाही. आजारपणात वहिनींनी तिचे पाय चेपले होते. त्यामुळे आपल्याला काही कमी आहे हे तिच्या मनात आलं नाही. निदान शब्दांत तरी आलं नाही.

जानेवारीत काम सुरू झालं. दिवसा घरी नंदाच असायची. वहिनी बालवाडीत शिकवायला जायच्या आणि भीमराव लग्नाच्या खरेदीत गुंतलेले. कामगारांना चहा, पाणी, एखादा प्रश्न आला तर उत्तर, हे तिच्याकडे. जुना माळा रिकामा झाला, चॅनेल बसले, जिना उभा राहिला. भिंत फोडून खिडकीची चौकट लावली त्या दिवशी ती वर गेली तर समोर तळजईची टेकडी. त्याच घरात जन्म गेला, पण ही टेकडी तिने घरातून कधी पाहिली नव्हती.

एकदा दुपारी वायरिंगच्या वेळी उत्तरेश्वरने खालून हाक मारली. "ताई, जरा वर या. बटनं कुठं घ्यायची ते सांगा, भिंत खोदायचीय."

नंदा वर गेली. "एक दाराजवळ घ्या. आणि एक पलंगाजवळ, हात लांब केला की लागेल असं. दिवा बंद करायला उठायला नको."

"पलंग कुठं येणार?"

"इथं. खिडकीकडे डोकं करून. दिवसा झोपलं तर ऊन डोळ्यांवर नको."

"पंखा?"

"पलंगाच्या बरोब्बर वर नको. अंगावर वारा आला की मान धरते माझी. आणि इथं कडेला छत उतरतंय ना, तिथं बसकं कपाट करा. वरती रेडिओ राहील."

उत्तरेश्वर खडूने भिंतीवर फुल्या मारत गेला. "बरं झालं तुम्ही सांगितलं. खोली तुमची म्हटल्यावर तुम्हालाच विचारायला पायजे."

नंदाने भिंतीवरच्या फुल्यांकडे बघितलं. रात्रपाळी सुटून वर्ष झालं तरी दिवसा झोपताना ऊन डोळ्यांवर घेत नाही ती कोण? मान कुणाची धरते? रेडिओ कुणाचा? पायलची पसंती विचारावी हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. खाली गॅसवर चहा उतू गेला.

रविवारी पायल जेवायला आली होती. ताटं उचलायच्या आधी नंदा म्हणाली, "मला एक बोलायचंय."

आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"वरची खोली मला हवी आहे. राहायला."

कुणाला कळलंच नाही. भीमरावांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "म्हणजे?"

"म्हणजे मी तिथं राहीन."

"आणि लग्न करून ही दोघं कुठं राहणार? गच्चीवर? ती पण नाहीये आपल्याला."

"आत्या, माझी खोली घे ना तू," चेतन घाईघाईने म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "खरंच, आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. पाहुणे काय, हॉलमध्ये झोपतील."

"तुझी खोली कुणाला नकोय म्हणून मला मिळेल," नंदा म्हणाली. "वरची मला हवी आहे, चेतन. पहिल्यांदाच काही हवंसं वाटलंय, तर ते सांगून बघते. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. पैसेही परत मागणार नाही."

भीमराव उठून उभे राहिले. "इतकी वर्षं बोलली नाहीस! आणि आता, काम अर्ध्यावर आल्यावर? तुझी झोपमोड होऊ नये म्हणून या घरात मी कुजबुजत बोललो, नंदा. क्रिकेटची मॅच आवाज बंद करून बघितली. पोराला मोठ्यानं हसू दिलं नाही. आणि तुला वाटतं, कुणाला तुझी पर्वा नव्हती?"

"असं कधीच वाटलं नाही, दादा." "तुम्ही कुजबुजत होता ते मला ऐकू यायचं. मी डोळे मिटून पडायचे आणि वाटायचं, माझ्यामुळे सगळं घर अंग चोरून वावरतंय. मला एक दार हवंय. ते लावलं की तुम्ही मोकळे आणि मीही."

भीमराव हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

पायल मान खाली घालून बसली होती. "खरं सांगू का आत्या?" ती म्हणाली. "मला वाईट वाटलं. त्या खिडकीचे फोटो मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवलेत. बसायला छोटी गादी पण ऑर्डर केलीय."

"मग राहू दे, बाळा."

"नाही, तसं नाही म्हणत. वाईट वाटलं एवढंच सांगितलं. तुम्ही पण सांगितलंत ना, तसं." ती किंचित हसली. "गादी मी परत पाठवणार नाही. कधीतरी येऊन बसेन."

तेव्हा हिरावहिनी बोलल्या. "मोठी खोली पोरांना देऊ. आम्ही दोघं चेतनच्या खोलीत जाऊ. आम्हाला किती जागा लागते?"

"आणि माझं कपाट?" नळापासून आवाज आला.

"अहो, कपाटाला काही नवीन संसार थाटायचा नाहीये. हॉलमध्ये ठेवू, दिवाणाच्या जागी."

भीमराव त्यानंतर चार-पाच दिवस बहिणीशी नीट बोलले नाहीत. बाजारात जाताना "काय आणायचं?" एवढंच विचारायचे, तेही भिंतीकडे बघून. नंदाला रोज वाटायचं, आता म्हणावं, नको मला खोली. एकदा तर ती तसं म्हणायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. वहिनी कणीक मळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "नंदाताई, आता मागं फिरू नका. फिरलात तर त्यांना जन्मभर वाटत राहील, आपण बहिणीची खोली घेतली. पेलवायचं नाही ते."

नंदा तशीच परत आली.

मार्चअखेर काम पुरं झालं आणि एप्रिलमध्ये लग्न पार पडलं. सगळी गडबड ओसरल्यावर नंदाने आपले कपडे, रेडिओ आणि दोन उशा वर नेल्या. पलंगावर बसून तिने बटन लावून बघितलं, बंद केलं, परत लावलं. पहिल्या दिवशी झोप लागेना. दार लावलं की फार शांत वाटायचं, उघडं ठेवलं तर मग दार कशाला मागितलं असं वाटायचं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी दुपारी पडल्या पडल्या तिचा डोळा लागला आणि ऊन टेकडीपलीकडे कलेपर्यंत ती गाढ झोपली.

कशाने तरी जाग आली. टक टक. तिला वाटलं, खाली कुणीतरी काही ठोकतंय. परत टक टक झालं, तेव्हा लक्षात आलं की आवाज तिच्याच दारावर होतोय. यावर काय म्हणायचं असतं ते तिला पटकन सुचेना.

"कोण?"

"मी." बाहेर भीमराव होते, जिना चढून धाप लागलेले. "येऊ का?"

"अरे दादा, ये ना. विचारतोस काय?"

"विचारायला नको?"

ते आत आले. कडेला छत लागेल म्हणून वाकले, मग मधे येऊन सरळ उभे राहिले. चहाचा कप त्यांनी बसक्या कपाटावर ठेवला. थोडा बशीत सांडला होता. खोलीत बसायला पायलची ती छोटी गादी तेवढी होती. गुडघ्यांवर हात ठेवून कष्टाने ते त्या गादीवर टेकले आणि खिडकीतून बघू लागले.

"ही टेकडी इथून दिसते?"

"हो ना. मलाही नव्हतं माहीत."

"बाबांना तरी माहीत असेल का?" भीमराव म्हणाले. नंदाने चहा बशीत ओतून अर्धा त्यांच्यापुढे केला.