तांदळाच्या डब्यातला आवाज

आपल्याच माणसाला नवी वस्तू देऊन "कशी वाटली?" विचारणारा बहुतेक वेळा उत्तर घरूनच ठरवून निघालेला असतो. सर्जापूर रोडला राहणारा, मूळचा पुण्याचा सुशांतही त्यातलाच. त्यानं म्हाताऱ्या माणसांसाठी औषधांची बोलकी पेटी बनवली होती. वेळ झाली की ती गोळीचं नाव पुकारायची. पहिली पेटी त्याच शहरात बसवनगुडीला राहणाऱ्या श्यामलामावशीला मिळाली. मग फोनवर एकच प्रश्न, "मावशी, आवडली ना?"

"छानच आहे रे!" मावशी म्हणायची, आणि सुशांत ते लगेच जमेस धरायचा.

त्या कौतुकाच्या भांडवलावर एका रविवारी तो कंपनीतल्या आपल्या वरिष्ठ रक्षिताला घेऊन मावशीकडे आला. रक्षिता बेळगावची, मराठी जाणणारी. मावशीचं ऐकून ती पेटी बाजारात आणायची परवानगी देणार होती. कॉफीबरोबर मावशीनं पेटीचे भरपूर गोडवे गायले.

"पण आहे कुठं ती?" रक्षितानं विचारलं.

मावशी तोंड उघडते तोच घड्याळात पाच वाजले आणि स्वयंपाकघरातून दबका आवाज आला, "श्यामलाबाई, स्मरणशक्तीची गोळी घ्या!"

सुशांत धावला. तांदळाच्या डब्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळून त्याची पेटी पुरलेली होती!

"मावशी, फसवलंस मला!" पेटी घेऊन तो बाहेर आला. "परक्यानं नावं ठेवली असती तर चाललं असतं. तू तर घरची!"

"स्वल्प बस, जरा बस," मावशी म्हणाली. "रविवार सोडून रोज पाचला माझ्याकडे काय असतं?"

"गणिताची शिकवणी."

"पोरं समोर, मी फळ्यापाशी, आणि तुझी पेटी हेच ओरडली. पोरं हसली, ते सोड. पण दुसऱ्या दिवशी त्यातल्या धनलक्ष्मीची आई आली. 'अक्का, आता विश्रांती घ्या' म्हणाली आणि पोरीला दुसरीकडे घातलं. शेजारणीलाही न सांगितलेलं दुखणं मी तुला विश्वासानं सांगितलं होतं, सुशांत. आज या पाहुणीसमोरही तेच झालं. आता सांग, कुणी कुणाला फसवलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू 'आवडली ना' विचारायचास. तू केलेलं मला नावडेल कसं? वापरतेस का, हे कुठं विचारलंस?"

"आणि गोळी?"

मावशीनं नजर वळवली. "कधी घेते. कधी राहते."

सुशांतचा राग जागच्या जागी विरला. जिला आठवण राहावी म्हणून एवढा खटाटोप, तिच्याच गोळ्या राहत होत्या!

"रक्षिता, परवानगी देऊ नकोस," तो म्हणाला. "पेटी तयार नाही. चूक माझी आहे."

"सरी, ठीक आहे," रक्षिता म्हणाली. "पाच वाजता इथं कधी बसला होतास?"

"एकदाही नाही."

सोमवारी पाचला तो शिकवणीत येऊन बसला. सतरंजीवर एकच जागा रिकामी होती, धनलक्ष्मीची. तिथंच तो टेकला.

"काय रे, आवडली का विचारायला आलास?" मावशीनं खडू उचलत चिमटा काढला.

"नाही. बघायला आलोय. तू शिकव."

वाचकहो, 'आवडलं ना' हा प्रश्न कौतुकाची वसुली करतो, आणि आपली माणसं ते प्रेमापोटी चुकतं करतात. ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याच्या घरी, त्याच्या वेळेला जावं आणि तोंड मिटून बघावं. नाहीतर आपल्या हुशारीची किंमत भलतंच कुणीतरी मोजतं, आणि सतरंजीवरची एखादी जागा कायमची रिकामी राहते.